मुन्सिफ तालुक्यातच निवृत्त होतो, हे कुणी सांगितलं?

‘तालुका कोर्टातला न्यायाधीश तिथेच निवृत्त होतो. हायकोर्टात फक्त बड्या वकिलांची मुलं जातात, बाईला तर ते दार बंदच. वर सरकार वाटेल तेव्हा काढून टाकतं आणि निवृत्तीनंतर वकिलीही करता येत नाही.’ महिनाभर हा मेसेज फिरतोय. मी सोडून दिला असता, पण तो वाचून माझ्या भावोजींनी भाचीच्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता थांबवलाय. पोरगी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर (म्हणजे तालुका कोर्टातला न्यायाधीश, जुन्या भाषेत मुन्सिफ) या परीक्षेची तयारी करतेय. टेबलासमोरच्या भिंतीवर दंड संहितेची जुनी आणि न्याय संहितेची नवी कलमं चिकटवलीत: ३०२ चं आता १०३, ४२० चं ३१८. आणि तिला सांगायचं, दार बंद!

भारतात हायकोर्टाची न्यायाधीश झालेली पहिली बाई कोण, माहीत आहे? अ‍ॅना चंडी. त्रावणकोर संस्थानात १९३७ साली त्या मुन्सिफ म्हणून लागल्या, म्हणजे मेसेजच्या हिशेबाने तिथेच निवृत्त व्हायच्या. १९४८ मध्ये त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या आणि ९ फेब्रुवारी १९५९ ला केरळ हायकोर्टात गेल्या. या देशात ते दार बाईसाठी पहिल्यांदा उघडलं तेच एका मुन्सिफ बाईने. त्याच केरळात फातिमा बीवी १९५८ ला मुन्सिफ झाल्या, १९७४ ला जिल्हा न्यायाधीश, १९८३ ला हायकोर्टात आणि १९८९ ला सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. मेसेज लिहिणाऱ्याने ही दोन नावं तरी शोधायची होती.

घटनेच्या २१७ व्या कलमात दोन्ही वाटा शेजारी-शेजारी लिहिल्यात: दहा वर्षं न्यायिक पद, किंवा दहा वर्षं हायकोर्टात वकिली.

एक मान्य करावं लागेल. हायकोर्टात जास्त जागा वकिलांतूनच भरतात, आणि त्यांत घराणी आहेत, हे मी नाकारत नाही. खालून चढणारे पोचतात तेही उशिरा. निवृत्ती ६२ व्या वर्षी, त्यामुळे कित्येकांच्या वाट्याला थोडीच वर्षं येतात. पण उशीर होणं वेगळं आणि दार बंद असणं वेगळं.

सरकार काढून टाकतं, हे धडधडीत खोटं. हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने ठराव व्हावा लागतो. कलकत्ता हायकोर्टाच्या सौमित्र सेन यांच्याविरुद्ध २०११ मध्ये राज्यसभेत तो मंजूर झाला आणि लोकसभेत यायच्या आत त्यांनी राजीनामा दिला. अतिरिक्त, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या नेमलेल्या, न्यायाधीशाला मुदत संपल्यावर कायम न करणं घडतं, पण ती बडतर्फी नव्हे. आणि वकिलीचं म्हणाल तर हायकोर्टाच्या कायम न्यायाधीशाला निवृत्तीनंतर स्वतःच्या हायकोर्टात आणि देशातल्या कुठल्याही खालच्या कोर्टात ती करता येत नाही. सुप्रीम कोर्टात आणि दुसऱ्या हायकोर्टांत येते.

भावोजी, अ‍ॅना चंडींच्या तारखा तुमच्या फोनवर पाठवल्यात. वाचा, आणि सोमवारी फी भरा.