‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्या सभासदाला

मागच्या लेखावर ‘एक जुना सभासद’ या नावाने आलेली प्रतिक्रिया चार दिवस डोक्यात घोळते आहे. तिचा सारांश असा: मी सुचवलेलं, दोघातिघांना घेऊन दर आठवड्याला तासभर वचनाला, म्हणजे बायबल वाचायला बसणं हे ‘परदेशी खूळ’ आहे, रविवारचा उपदेश आणि संडेस्कूल पुरेसं आहे, अशाने मंडळीत (म्हणजे आपल्या चर्चमध्ये) गल्लोगल्ली गुरू होतील, आणि मी संदर्भही चुकवला.

आधी चूक. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं वचन, २ तीमथ्य २:२, त्याच्या जागी पहिल्या पत्रातलं १ तीमथ्य २:२ पडलं. कबूल, दुरुस्त केलंय. त्या पहिल्या पत्रात राजांसाठी प्रार्थना करायला सांगितली आहे, तीही वाया जात नाही. पण एका आकड्यावरून ‘आधी स्वतः शास्त्र उघडा’ असं सुनावण्याचं काय कारण? मंडळीत वडीलधारी माणसं अशी बोलतात आणि मग युवक संघ का ओस पडला म्हणून विचारतात.

आता ‘खूळ’. हा शब्द आपण फार सहज वापरलात. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं काव्य, गोव्यात राचोलला १६१६ साली छापलं गेलं. मराठी ओवीत, आणि मांडणी कशी? श्रोते शंका विचारतात, पाद्री गुरू उत्तर देतो. १६२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर निघालेलं त्याचं कोकणी दौत्रिन, म्हणजे धर्मशिक्षणाचं पुस्तक, तेही प्रश्नोत्तरांचंच. तो इंग्रज होता, असं आपण म्हणणार. होताच. पण समोरच्याला तोंड उघडू देऊन शिकवणं इथल्या मातीला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने पुराणाचा बाज घेतला. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ मांडला, तो काय बोटीतून उतरला होता? ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातली त्यांची गीतं रविवारी म्हणताना परदेशी वास येत नाही वाटतं.

आणि पद्धत शास्त्रातलीच आहे. पौलाने तीमथ्याला, त्याने विश्वासू माणसांना, त्यांनी आणखी दुसऱ्यांना शिकवायचं: २ तीमथ्य २:२ या एका वचनात चार पिढ्या आहेत. प्रेषितांच्या कृत्यांतला उपदेशक अपुल्लोस सभास्थानात धडाडीने बोलत होता, तरी अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाने त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. भर सभेत टोकलं नाही. (हे आपल्यासाठी नाही, पण वाचून ठेवा.)

उपदेश पुरेसा का नाही, तेही सांगतो. वीस वर्षं संडेस्कूल आणि बाप्तिस्म्याचे वर्ग घेतलेत, म्हणून ठामपणे लिहितोय. उपदेशात ऐकणाऱ्याला एकही वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलावं लागत नाही, आणि जे कधी बोललं नाही ते घरी पोराला सांगता येत नाही.

आता बसायचं कसं ते. मार्कचं शुभवर्तमान घ्या. अध्याय १६, म्हणून आठवडे १६. लांब अध्यायाचा अर्धाच भाग घ्या, बाकीचा घरी. माणसं तीन, फार तर चार. पाचवा आला की एकजण गप्प बसायला लागतो. पहिली पंधरा मिनिटं मागच्या आठवड्यात ठरवलेलं केलं का, याची. मग अर्धा तास वचन, उरलेल्या वेळात प्रार्थना. दुसरा अध्याय उघडा: चौघे जण पक्षाघाती माणसाला छप्पर उकरून खाली सोडतात. धाब्याचं घर पाहिलेल्याला माती कुणाच्या डोक्यावर पडली असेल ते सांगावं लागत नाही. त्याला एवढंच विचारा, येशूने कुणाचा विश्वास पाहिला? आणि गप्प बसा. दहा सेकंद जड जातात. शिकवणारा घसा खाकरून उत्तर देऊन टाकतो आणि तास तिथेच बुडतो. थांबलात तर तो पुन्हा वाचतो, पाचव्या वचनावर बोट ठेवतो आणि म्हणतो, “त्यांचा. चौघांचा.” पुढचा प्रश्न बहुधा तोच काढतो: मला कुणी उचलून आणलं?

पाचव्या आठवड्यापासून वाचन शिकणाऱ्याने चालवायचं, आपण फक्त ऐकायचं. नेमके इथेच बहुतेकजण कच खातात, कारण शिकणारा चुकतो आणि ते सहन होत नाही. जुन्या भाषांतरातले ‘नीतिमत्त्व’, ‘तारण’ असे शब्द अडले तर त्यालाच रोजच्या बोलीत सांगायला लावा.

गुरुबाजीचं म्हणाल, तर पुरुषांनी पुरुषांबरोबर आणि बायकांनी बायकांबरोबर बसायचं, उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, पाळकांना (चर्चच्या पाद्रींना) गटाचं माहीत असायला हवं, आणि मार्क संपला की गट मोडून ज्याने त्याने नवे दोघे शोधायचे. एवढं पाळलं की पुरे. त्यावर अजून पानं खरडायला मला वेळ नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने लिहा. नाहीतर बुधवारी संध्याकाळी सातला येऊन बसा, तिसऱ्या अध्यायावर आहोत.