काउंटरवरच्या पोरीच्या पाठीशी कोण?

माझी भाची मुंबईत एअरपोर्टला चेक-इन काउंटरवर असते. मागच्या महिन्यात एका पॅसेंजरला तिने बॅग कोणी भरली विचारलं तर आधी म्हणाला मी, मग बायकोने, मग मित्राने दिलीये, म्हणून तिने सुपरवायझरला सांगितलं, बॅग उघडली तर आत कपडे आणि लोणच्याच्या बरण्या. फ्लाइट लेट झाली आणि हिच्याकडे लेखी खुलासा मागितला. आता म्हणते, मामा, यापुढे काही दिसलं तरी मी गप्पच बसणार.

मला हेच सगळ्यात भयंकर वाटतं. १९८५ च्या जूनमध्ये व्हँकुव्हरला एक माणूस पुढच्या फ्लाइटची सीट कन्फर्म नसताना बॅग थेट दिल्लीपर्यंत टॅग करा म्हणून हटून बसला, एजंट बाई आधी नाही म्हणाली, पण मागे लाइन वाढत होती, शेवटी तिने घेतली बॅग. तो चढलाच नाही, बॅग मात्र पुढे एअर इंडियाच्या कनिष्क विमानात गेली, आणि तिच्यात बॉम्ब होता. ३२९ माणसं गेली हो.

मी अमेरिकेत मिनियापोलिसला राहतो. इथे ९/११ नंतर २००१ मध्येच कायदा झाला की एअरलाइनने किंवा तिच्या स्टाफने संशयास्पद काही कळवलं तर त्यांच्यावर भरपाईचा दावा चालत नाही, मात्र खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता कळवलं तर संरक्षण नाही. आणि सेफ्टीची तक्रार केली म्हणून कंपनीने काढलं तर ९० दिवसांत लेबर डिपार्टमेंटकडे जाता येतं, तो कायदा २००० चा.

पण २००६ मध्ये आमच्याच एअरपोर्टवर सहा इमामांना विमानातून उतरवलं, गेटपाशी नमाज पढले तेही कारणांत होतं, निघालं काहीच नाही. मी सावळा, दाढीवाला, मला हे आजही टोचतं. म्हणून माणसाने काय केलं हे सांगणाऱ्याला संरक्षण द्या, तो कसा दिसतो एवढंच सांगणाऱ्याला नको.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये शेकडो फ्लाइट्सना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या तेव्हापासून सगळे कडक शिक्षा मागतायत, मागायलाच पाहिजे, पण मुद्दाम खोटं बोलणारा आणि प्रामाणिकपणे चुकलेला यातला फरक कोणी बोलतच नाही. गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा व्हिसलब्लोअर कायदा २०१४ ला पास होऊन तसाच पडलाय, आणि उद्या लागू झाला तरी तो सरकारी भ्रष्टाचाराचा, प्रायव्हेट एअरलाइनच्या पोरीला त्याचा काय उपयोग?

भाचीला म्हटलं, खुलाशात त्याची तिन्ही उत्तरं जशीच्या तशी लिही, वेळेसकट. तिने लिहून दिलंय. अजून वरून काही आलेलं नाही.