यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं नाही? फुटलेल्या राज्यांचे जाहीरनामेच वाचा

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाबद्दलचा एक दावा आता मराठीतही सर्रास फिरतो. त्याचा गोषवारा असा: हे युद्ध गुलामगिरीमुळे झालंच नाही, दक्षिणेची राज्यं आपल्या हक्कांसाठी आणि जाचक आयातकराविरुद्ध लढली, तिथल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच, गुलामगिरी तशीही मरणपंथाला लागली होती, आणि अध्यक्ष लिंकनला गुलामांशी काही देणंघेणं नव्हतं. यातल्या एकदोन वाक्यांत तथ्याचा अंश आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याला सगळंच पटून जातं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, तेव्हा ते युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्याच मराठीत आज हा दावा बिनविरोध फिरावा, हे मला सहन होत नाही.

पहिला मुद्दा राज्यांच्या हक्कांचा. कसले हक्क, हे त्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. २० डिसेंबर १८६० ला साउथ कॅरोलायना संघराज्यातून फुटलं आणि चार दिवसांनी त्याने आपली कारणं जाहीर केली. त्यातली तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, गुलामगिरीविरोधी संस्था चालू देतात, काही राज्यं तर काळ्या माणसांना नागरिकत्व देतात, आणि न्यूयॉर्कमधून गुलामाला घेऊन नुसतं जाऊही देत नाहीत. म्हणजे न्यूयॉर्कने आपल्या हद्दीत आपला कायदा चालवला, हाच साउथ कॅरोलायनाच्या लेखी गुन्हा होता! मिसिसिपीने तर आडपडदाच ठेवला नाही. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे, असं त्याच्या जाहीरनाम्यात सुरुवातीलाच म्हटलंय.

त्याआधीची दहा वर्षं पाहिली तर केंद्राची सत्ता हवी होती ती दक्षिणेलाच. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने पळालेल्या माणसाला पकडण्याचं काम केंद्र सरकारवर टाकलं. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर मेहनताना १० डॉलर, सोडून दिलं तर ५. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा राज्याच्या हक्कासाठी दक्षिणेतून कोणी उभं राहिलं नाही. १८५९ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाने विस्कॉन्सिनला गप्प केलं, ते दक्षिणेला हवंच होतं. एप्रिल १८६० मध्ये चार्ल्सटन इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातून दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले, तेही नव्या प्रदेशांत केंद्राने गुलामगिरीला संरक्षण द्यावं ही मागणी मान्य झाली नाही म्हणून.

नवे प्रदेश हीच खरी ठिणगी होती. १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेकडच्या प्रदेशांत, खुद्द मिसूरी सोडून, गुलामगिरीला बंदी केली होती. १८५४ मध्ये सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रेषा पुसली आणि निर्णय तिथे वसणाऱ्या गोऱ्यांवर सोडला. मिसूरीतून टोळ्या सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये मतदान करून जाऊ लागल्या. २१ मे १८५६ ला गुलामगिरीविरोधकांचं लॉरेन्स हे गाव लुटलं गेलं. दुसऱ्याच दिवशी साउथ कॅरोलायनाचा खासदार प्रेस्टन ब्रूक्स याने खुद्द सिनेटच्या सभागृहात गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना छडीने रक्तबंबाळ केलं. सम्नर यांनी कॅन्ससबद्दल केलेल्या भाषणाची ती शिक्षा होती. आणखी दोन दिवसांनी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राऊन याच्या माणसांनी पॉटावाटमी खाडीजवळ गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना ठार केलं. चार दिवसांत हे सगळं घडलं, तेव्हा लिंकन अध्यक्ष होण्याच्या जवळपासही नव्हते. पुढच्या वर्षी, स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात, सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखायचा अधिकार काँग्रेसला नाही. तडजोडीला जागा उरली होती ती या निकालाने आणखी आक्रसली.

आयातकराचं वादळ उठलं होतं हे खरं, पण ते १८३२-३३ मध्ये, आणि तडजोडीने शमलंही. १८५७ चा आयातकर तर कित्येक दशकांतला सर्वांत कमी होता. आयातकर वाढवणाऱ्या ज्या मॉरिल कायद्याचा हवाला दिला जातो, त्यावर सही झाली २ मार्च १८६१ ला. तोवर सात राज्यं फुटून गेली होती आणि त्यांचे सिनेटर सभागृह सोडून गेल्यानेच तो मंजूर होणं सोपं झालं. त्याहून बोलका पुरावा म्हणजे त्या हिवाळ्यातली क्रिटेंडन तडजोड. देश वाचवण्यासाठी केंटकीच्या या सिनेटरने सहा घटनादुरुस्त्या सुचवल्या. सहाच्या सहा गुलामगिरीबद्दल, आयातकराबद्दल एकही नाही. भांडण कशावरून आहे हे त्यांना नक्कीच ठाऊक होतं.

फुटलेल्या राज्यांनी नवी घटना केली. कोणत्याही कायद्याने काळ्या गुलामांवरचा मालमत्तेचा हक्क हिरावता येणार नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं. २१ मार्च १८६१ ला सव्हानात त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स म्हणाले की आमच्या सरकारची कोनशिला या सत्यावर टेकली आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही. राज्यांच्या हक्कांचं तत्त्वज्ञान याच स्टीफन्स यांनी पुस्तकं लिहून मांडलं, ते पराभवानंतर.

बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हते, हे बरोबर आहे. फुटलेल्या अकरा राज्यांत साधारण तीस टक्के कुटुंबांकडे गुलाम होते. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायनात मात्र जवळजवळ निम्म्यांकडे. पण विधिमंडळं मळेवाल्यांच्या हातात होती, आणि ज्याच्याकडे एकही गुलाम नव्हता त्या गोऱ्यालाही काळ्यापेक्षा वरचं स्थान जन्मतःच मिळत होतं. ते जाईल या भीतीवरच मतं मागितली गेली.

गुलामगिरी आपोआप संपत होती म्हणणाऱ्यांनी १८६० चे आकडे पाहावेत. सुमारे ४० लाख माणसं गुलाम होती, त्यांच्या विक्रीचे भाव चढेच होते, देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. हा कापूस थांबला तेव्हा भारतीय कापसाची मागणी वाढून मुंबईच्या बाजारात पैशांचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच पेढ्या धडाधड बुडाल्या, हे आपल्याला माहीत आहेच. असा धंदा कोणी आपखुशीने सोडत नाही.

लिंकन यांचा मुद्दा राहिला. ऑगस्ट १८६२ मध्ये वृत्तपत्राचे संपादक होरेस ग्रीली यांना त्यांनी लिहिलं होतं की एकही गुलाम मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसंच करीन. हे पत्र खरं आहे. पण ते लिहिलं तेव्हा गुलामांच्या मुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवून महिना झाला होता. उत्तर सुरुवातीला संघराज्यासाठीच लढली, आणि गुलामगिरी असलेली चार राज्यं तिच्या बाजूला होती, हे मी नाकारत नाही. फुल्यांना वाटली तेवढी ती निरपेक्ष नव्हती. मात्र उत्तर का लढली आणि दक्षिण का फुटली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की हा सगळा दावा उभा राहतो.

पहिल्याचं उत्तरही बदललं, आणि ते बदलण्यात गुलामांचा स्वतःचा मोठा हात होता. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघं रात्री होडीतून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रोला, उत्तरेच्या सैन्याकडे आले. दक्षिणेच्या सैन्याचा एक मेजर त्यांना परत मागायला आला, आणि त्याने आधार दिला तो केंद्राच्या फरारी गुलाम कायद्याचा. जनरल बटलर यांनी उत्तर दिलं की तुम्ही स्वतःला परका देश म्हणवता, मग आमचा कायदा तुम्हाला लागू नाही. तिघं तिथेच राहिले. त्यांच्यामागून हजारो आले, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या लष्करात लढले होते.