फोन घेऊन गडग्याला फेरी मारली म्हणजे मोजणी होत नाही

यंदा चतुर्थीला ठाण्याहून आलेले आमचे काका दुपारची आरती आटोपून थेट आंब्याच्या कलमांच्या बागेत गेले, हातात फोन धरून. अर्ध्या तासाने आले ते तोंड लाल करून. "चार गुंठे खाल्ले त्याने," एवढंच बोलले. 'त्याने' म्हणजे शेजारच्या आबांनी, ज्यांनी आदल्या दिवशी आमच्या गणपतीवरच्या माटवीला बांधायला कवंडळं आणि आंब्याचे टाळ आणून दिले होते. संध्याकाळपर्यंत काकांनी सामाईक गडग्याचे, म्हणजे हद्दीवरच्या दगडी बांधाचे, चार चिरे काढून बाजूला टाकले होते आणि आबा खळ्यात उभे राहून ओरडत होते, "ह्यो गडगो माझ्या आज्यान घातलेलो, तुझ्या मोबाईलान न्हय!"

या सगळ्याच्या मुळाशी एक मेसेज आहे. 'जमीनमालकांनो, जागे व्हा' असं डोकं असलेला. देवगडापासून गुहागरापर्यंत ज्याची म्हणून चार कलमं आहेत त्याच्या फोनवर तो आला असावा; मला तीन ग्रुपांवर आला. त्यात म्हटलंय की अमुक अॅप उघडून जमिनीच्या कडेने चाला, क्षेत्रफळ सरकारी मोजणीइतकं अचूक मिळेल. एक गुंठा म्हणजे हजार चौरस फूट. सातबाऱ्यावरचं क्षेत्र अंतिम असतं, त्यापेक्षा कमी भरलं तर शेजाऱ्याने अतिक्रमण केलं असं समजा. खात्रीसाठी टेप जमिनीला टेकवून मोजा. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या असतील तर मोजणीची गरजच नाही. आणि गडगा बारा वर्षं जुना असेल तर तीच कायदेशीर हद्द.

गुंठ्याचं आधी उरकून टाकू. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस झाले की एकर, ४३,५६० चौरस फूट. हजाराचा हिशोब तोंडी सोपा म्हणून बोलतात, बोलोत. पण सातबारा गुंठ्यात नसतोच, तो हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतो. आमच्या त्या बागेचं क्षेत्र ०.२०.५० आहे, म्हणजे २० आर ५० चौरस मीटर, म्हणजे २०५० चौरस मीटर. गुंठे झाले २०.२६. काकांनी त्याचे चौरस फूट केले, २२,०६६ आले, आणि मेसेजात सांगितल्याप्रमाणे हजाराने भागले. झाले बावीस गुंठे! फोनने दाखवले १८.४. गेलेल्या 'चार गुंठ्यां'तले जवळजवळ दोन गुंठे असे कागदावरच जन्मले. ते खायला आबांना गडगा ओलांडायचीही गरज नव्हती.

आता अचूकपणा. जीपीएस ज्यांची आहे त्या अमेरिकन सरकारच्याच संकेतस्थळावर लिहिलंय की स्मार्टफोन मोकळ्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत, म्हणजे १६ फुटांत, जागा बरोबर दाखवतो; इमारती, पूल, झाडं जवळ असली की त्याहून वाईट. सोळा फूट! गाडी चालवताना तिठा चुकत नाही, तेवढ्याला ते पुष्कळ झालं. पण चार गुंठ्यांचा ६६ बाय ६६ फुटांचा तुकडा घ्या. चारी बाजू सोळा-सोळा फूट आत सरकल्या तर उरतो एक गुंठा. बाहेर सरकल्या तर होतात पावणेनऊ. खरं सांगायचं तर चुका सहसा अशा चारी बाजूंनी ठरवून होत नाहीत, पुष्कळदा सगळा तुकडाच एका दिशेला घसरतो. तेव्हा क्षेत्रफळ त्यातल्या त्यात बरं येईल, पण हद्द शेजाऱ्याच्या परसात जाऊन बसेल. आणि भांडण तर हद्दीवरूनच असतं ना?

आमची बाग मोकळ्या आकाशाखाली नाही. जुन्या हापूसची कलमं आहेत, खाली भर दुपारीही काळोख, त्यात पावसाने पानं निथळत होती. काकांचं बोलणं ऐकून मीही त्यांचाच फोन घेऊन त्याच वाटेने फिरलो. १९.७ आलं. मधल्या तासाभरात आबांनी सव्वा गुंठा परत केला म्हणायचा. काका म्हणाले, तू नीट चालला नाहीस.

चालण्याचंच बघू. गडग्याला दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आहेत. भाद्रपदात, किरडू-जनावराच्या, म्हणजे सापांच्या, दिवसांत, गडग्याला खेटून कोण चालतो? काका चालले ते सरासरी मीटरभर आतून, मीही तसाच. मीटरभराने काय होतं? आमचा तुकडा जवळपास चौकोनी आहे, बाजू साधारण ४५ मीटर, घेर १८१ मीटर. सगळीकडून एक मीटर आत चाललं की १७७ चौरस मीटर हिशोबातून गळतात. पावणेदोन गुंठे. २०.२६ मधून ते वजा करा, उरतात १८.५. म्हणजे काकांचा आकडा करवंदीने सांगितलाय. हा पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण शेजाऱ्याला चोर म्हणण्याआधी एवढी वजाबाकी तरी करायला हरकत नव्हती.

मेसेजातलं सगळ्यात विषारी वाक्य तेच आहे: 'कमी भरलं तर अतिक्रमण समजा.' अॅप खोटं निघालं तर हसून सोडता येतं, या वाक्यानं घरं तुटतात. कमी भरण्याची कारणं ढीगभर. सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबाही, म्हणजे लागवडीला न येणारी जागाही, धरलेली असते. मधून व्हाळ (ओढा) किंवा पाणंद जात असेल आणि आपण अलीकडून वळलो तर तेवढं घटलंच. सरकारी नोंदीत क्षेत्र चढवताना आकडा चुकलेला असू शकतो, नकाशा आणि सातबारा यांचा मेळ नसू शकतो. शिवाय आमच्याकडे कित्येक सातबाऱ्यांवर दहा-पंधरा नावं, कंसात आणेवारी (कुणाचा किती हिस्सा ते), आणि पोटहिस्सा कधी मोजून पाडलेलाच नाही. अशा ठिकाणी 'माझा तुकडा' हा नकाशावर नसतोच, वहिवाटीत असतो. कुठल्या रेघेवरून चालणार? अॅपला काय, तुम्ही म्हशीमागून चाललात तरी ते क्षेत्रफळ सांगेल.

आणि 'सातबारा अंतिम'? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ काढून वाचावं. अधिकार अभिलेखातली, म्हणजे सातबाऱ्यासारख्या कागदावरची, नोंद उलट सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर मार्गाने बदलेपर्यंत खरी मानावी, असं ते सांगतं. 'सिद्ध होईपर्यंत' हे शब्द गाळले की गृहीतकाचा अंतिम निकाल होतो. त्याच संहितेत हद्दी ठरवण्याची आणि हद्दीचे वाद सोडवण्याची कलमं आहेत, हद्दीच्या खुणा मोडणाऱ्याला दंडही आहे. आमचा गडगा सरकारी हद्दनिशाणी नसेल, पण काकांनी चिरे काढण्याआधी ते पान वाचलं असतं तर माझी चतुर्थी बरी गेली असती.

टेपचा सल्ला तर भातखाचरात बसून कोणीतरी दिलेला. सपाटीला ठीक. आमची बाग उतारावर आहे, आणि नकाशातलं अंतर आडवं धरलेलं असतं, उतारावरून घसरत गेलेलं नव्हे. वीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून शंभर फूट मोजले तर आडवं अंतर ९४ फूटच भरतं. म्हणजे टेपने क्षेत्र जास्त येणार. काकांनी फोनऐवजी टेप धरला असता तर आपणच आबांची जमीन खाल्ली असं निघालं असतं. तेव्हा ते चिरे कुठे टाकले असते कोण जाणे.

चतुःसीमांबद्दल फार लिहीत नाही. 'पूर्वेस अमक्याचे कलमबाग, पश्चिमेस व्हाळ' यातून शेजारी कोण ते कळतं, किती फुटांवर ते नाही. आणि व्हाळ जागचा हलतो.

बारा वर्षांच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. १९६३ च्या मुदत कायद्यात मालकी हक्कावरून कब्जा मागण्याला बारा वर्षांची मुदत आहे. पण तो कब्जा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध होता हे दिवाणी न्यायालयात सिद्ध करावं लागतं. गडग्यावर शेवाळ चढलं म्हणून आपोआप काही होत नाही. सामाईक मालकांत तर आणखी कठीण. आणि हे खरं मानलं तर काकांचाच दावा बुडतो, कारण आबांचा गडगा साठ वर्षांचा आहे! एकाच मेसेजातले दोन मुद्दे एकमेकांच्या उरावर बसलेत, हे पुढे ढकलणाऱ्याला दिसलं नाही.

काकांचा शेवटचा बाण होता, "सरकारी माणूसपण आता जीपीएसनेच मोजतो." मोजतो. त्याच्या हातातल्या रोव्हर नावाच्या यंत्राला स्थिर केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळत असते, म्हणून तो सेंटिमीटरात बोलतो. आणि यंत्र हा कामाचा लहान भाग. भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार, येतो तो मूळ मोजणीचे टिपण, गुणाकार, फाळणी नकाशा असा जुन्या मोजमापांचा अभिलेख घेऊन. लगतच्या खातेदारांना आधी नोटीस जाते, म्हणजे आबा तिथे उभे असणार. प्रत्यक्ष वहिवाट आणि अभिलेख यांतला फरक दाखवून मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. ती पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठाकडून फेरमोजणी, मागता येते. अॅपच्या विरोधात अपील कुठे करणार?

घरबसल्या काहीच बघू नये असं नाही. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर आपला सर्व्हे नंबर काढून आकार बघावा, शेजारी कोण ते बघावं, पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढून हेक्टर-आर नीट वाचावा. फोन घेऊन फिरायचं तर फिरावं. वीस गुंठे सांगून कोणी दहाच दाखवतोय का, एवढा अंदाज येतो. मुंबईत बसून जमीन घेणाऱ्याला तेवढंही उपयोगी.

काकांनी शेवटी मोजणीच्या अर्जावर सही केली आणि पाच दिवसांचे गणपती पोचवून ठाण्याला गेले. तारीख अजून लागलेली नाही. चिरे अजून गवतात पडलेत, कारण दसऱ्यापर्यंत गडी मिळणार नाही. परवा आबांची सून तिथल्याच फटीतून आत आली आणि पडवीत अळूची जुडी ठेवून गेली. काकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "बघ, वाटसुद्धा पाडली त्यांनी."