खरी मेख घड्याळात आहे
फोटो कुठे काढला ते लोकेशन फोटोला जोडण्यावरच्या लेखात, कॅमेऱ्याच्या हॉटशूवर (वर फ्लॅश बसवायच्या खाचेत) बसणाऱ्या ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हरची बाजू घेतली आहे. सोय आहेच, पण फोन खिशात असताना आणखी एक बॅटरी कशाला सांभाळायची? फोनवर जीपीएक्स लॉग (कुठल्या वेळी कुठे होतो याची नोंद) चालू ठेवायचा आणि नंतर एक्झिफटूल या फोटोंची माहिती बदलणाऱ्या प्रोग्रामने फोटोंशी जुळवायचा. टूल फुकट आहे, बहुतेक रॉ फाइलींनाही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइली) चालतं. मात्र जुळणी वेळेवरूनच होते. लॉगमधली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), कॅमेऱ्यातली स्थानिक. त्यात कॅमेरा 2 मिनिटं मागे असला आणि गाडी ताशी 60 किलोमीटरने पळत असली, तर फोटो 2 किलोमीटर भलतीकडे जाऊन पडतो. म्हणून निघतानाच फोनवरच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. फरक किती ते त्यावरून कळतं आणि सगळे फोटो एकदम तेवढे सरकवता येतात.

कॅमेरा कंपन्यांची ॲप ब्लूटूथवरून लोकेशन थेट कॅमेऱ्याला देतात खरी, पण बॅटरी वाचवायला फोनने ॲप झोपवलं की टॅग गायब! (ही सेटिंग आधीच बंद करून ठेवलेली बरी.)

आणि हो, घरातले फोटो नेटवर टाकण्याआधी लोकेशन काढून टाका. अक्षांश-रेखांशावरून पत्ता शोधायला कोणालाही मिनिटभर पुरतं.