अठरापर्यंत थांबतो तो कसला शूर!

सतरा वर्षांच्या समस्त विचारवंतांनो, टॅटूसाठीची वयोमर्यादा हे खास तुमच्याविरुद्ध रचलेलं कारस्थान आहे, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ब्रिटनने १९६९ सालीच कायदा करून ठेवला: अठराच्या आतल्या कुणालाही गोंदायचं नाही. सूट फक्त वैद्यकीय कारणासाठी, तीही डॉक्टरांच्या हातून किंवा देखरेखीखाली. म्हणजे ‘मम्मी हो म्हणालीये’ हे एरवी कुठेही चालणारं ओळखपत्र तिथे कुचकामी. डेन्मार्कने त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, अठराची अट घातली आणि वर डोकं, मान, हाताचे पंजे यांवर गोंदायला मोठ्यांनाही बंदी केली. फ्रान्समध्ये मात्र पालकांची लेखी संमती चालते. तेव्हा जन्माला येतानाच देश नीट बघायला हवा होता. आता काय उपयोग!

खोटं ओळखपत्र जरूर बनवा. ब्रिटिश कायद्यात गुन्हा गोंदणाऱ्याचा, गोंदवून घेणाऱ्याचा नाही. समोरचा अठराचा आहे असं मानायला सबळ कारण होतं आणि आपण तसं मानलंही, एवढं दाखवलं की गोंदणाराही सुटतो. थोडक्यात, ते बनावट कार्ड तुमच्या उपयोगाचं कमी आणि त्याच्या वकिलाच्या उपयोगाचं जास्त. इतक्या कोवळ्या वयात परक्या माणसाची एवढी काळजी! डोळे भरून येतात.

तरीही एखादा खडूस आर्टिस्ट कार्डाकडे बघतो, मग तुमच्या मिसरुडाकडे बघतो आणि ‘पुढच्या वर्षी ये’ म्हणतो. अशाच्या नादी लागू नका. त्याचं दुकान आहे, नाव आहे, गमावण्यासारखं बरंच काही आहे. तुम्हाला हवा तो, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही. तो मित्राच्या मित्राच्या खोलीवर भेटतो. मशीन ऑनलाइन मागवलेलं, उजेड मोबाइलच्या टॉर्चचा. वय विचारत नाही, इतका मोकळ्या मनाचा. आणि मन एकदा मोकळं झालं की ते वयाशीच कशाला थांबेल? सुईचं सीलबंद पाकीट गिऱ्हाइकासमोर फोडायचं, शाई छोट्या वाटीत घेऊन उरलेली फेकून द्यायची, घातलेल्या हातमोज्यांनी फोन उचलायचा नाही, असल्या जाचातूनही तो मुक्त असतो. वाटीतली उरलेली शाई तो बाटलीत परत ओततो. काटकसरी माणूस! आधीच्या गिऱ्हाइकाचा हिपॅटायटिस बी किंवा सी त्यातून तुमच्याकडे आला, तर त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

डिझाइनचा फार विचार करू नका. सध्या ज्याच्यावर किंवा जिच्यावर जीव आहे, त्याचं नाव ठोका. शाई त्वचेच्या आतल्या थरात जाते आणि तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात. एक पेशी मेली की तिने सोडलेली शाई दुसरी गिळते. तुमचं प्रेम सहामाहीपर्यंत टिकेल न टिकेल, नाव मात्र या पेशी वारसाहक्काने पुढे चालवतील.

आणि नकोसं झालंच तर लेसर आहेच की. तो शाईचे कण फोडतो, बारीक झालेले कण शरीर हळूहळू बाहेर काढतं. एका बैठकीत भागत नाही, दोन बैठकींच्या मध्ये आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, पिवळा-हिरवा हट्टी. म्हणून नाव पिवळ्या-हिरव्यातच काढा, प्रेम खरं आहे ना? आणि ते कार्ड फेकू नका. लेसरवालेही आधी वयच विचारतात.