पाणी गावाचे, नियमही गावाचा

पावसाळा सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर एक वाद हमखास पेटतो. भुशी धरण, ताम्हिणी, देवकुंड अशा ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघतो. निम्मी मंडळी ‘बंदी हवीच’ म्हणतात आणि उरलेली ‘डोंगर सगळ्यांचा आहे’ असे ठणकावतात. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर या वादाला अधिकच धार आली. यंदा मी, मेक्सिकोतल्या ज्या युकातान राज्यात राहते तिथल्या सेनोतेंची, म्हणजे छत कोसळून उघड्या पडलेल्या भूजलाच्या कुंडांची, व्यवस्था सांगू लागले, तेव्हा पुण्याच्या मामेभावाने लिहिले, ‘ताई, तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस.’ हे वाक्य मला झोंबले आणि अजूनही झोंबते आहे, कारण मी त्याला जे सांगत होते त्यात बंदीही नव्हती आणि मोकाट सोडणेही नव्हते.

आम्ही मेरिदा शहरातून पहाटे निघतो आणि चिचेन इत्सा या प्राचीन माया नगरीच्या अवशेषांच्या दारात आठच्या आधी पोहोचतो. त्यानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. कुकुल्कानच्या पिरॅमिडला चारही बाजूंना ९१ पायऱ्या आहेत आणि माथ्यावरची एक धरून त्या ३६५ होतात, पण त्यांवर आता कोणालाही पाऊल ठेवता येत नाही. २००६ मध्ये एक पर्यटक स्त्री पडून दगावली आणि चढाई थांबली. पिरॅमिडभोवतीच्या दोरीपाशी उभे राहून कोणी ‘हा आमच्या पूर्वजांचा वारसा आहे, आम्ही चढणारच’ असे भांडताना मी पाहिलेले नाही, जरी तसे म्हणण्याचा हक्क शेजारच्या पिस्ते गावच्या माया माणसांना पहिल्यांदा पोहोचतो. ज्या जमिनीवर हे अवशेष उभे आहेत ती जमीन २०१० मध्ये युकातान राज्याने विकत घेईपर्यंत एका घराण्याच्या मालकीची होती, हेही इथे सांगायला हवे. ‘आपले’ म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न इथेही सरळ सुटलेला नव्हता.

दुपारी सेनोते. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या नाहीत. पाऊस चुनखडीतून झिरपून खाली जातो, पोकळ्या कोरतो, आणि जिथे छत कोसळते तिथे पाणी उघडे पडते. इक किल नावाच्या सेनोतेला काठावरून पाण्यापर्यंत सुमारे २६ मीटर उतरावे लागते आणि झाडांची मुळे वरून थेट पाण्याच्या दिशेने लोंबत असतात. वायादोलिद शहराजवळच्या द्झितनुप गावाला श्केकेन नावाचे सेनोते आहे. तिथे वाकून गुहेत शिरल्यावर छतातल्या एकाच भोकातून ऊन आत येते आणि त्या उजेडात पाण्याचा निळा रंग पाहून पहिल्या वेळी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करायची, अंगाला क्रीम असेल तर धुऊन टाकायचे, जीवरक्षक जॅकेट घालायचे. हे सांगणारी माणसे बहुधा आसपासच्या गावचीच असतात. अनेक सेनोते एहिदोच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर आहेत आणि तिकिटाचे पैसे गावात राहतात. ओमून गावच्या लोकांनी तर आपल्या पाण्याजवळ येणाऱ्या प्रचंड वराहपालन प्रकल्पाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि २०१८ मध्ये त्याला स्थगिती मिळवली. ज्यांचे पोट पाण्यावर चालते ते पाण्यासाठी उभे राहतात, एवढेच मी समूहावर लिहिले होते.

मामेभावाचा एक मुद्दा मात्र खरा आहे. सेनोतेचे पाणी भूजल आहे, ते घटकेत चढत नाही; देवकुंडाचे पाणी वर घाटमाथ्यावर सर कोसळली की पाहता पाहता अंगावर येते. मेक्सिकोत सगळे शहाणपण भरून राहिले आहे असेही नाही, कारण युकातान द्वीपकल्पात पर्यटकांसाठी बांधलेल्या माया रेल्वेचे खांब याच गुहांच्या छतांतून खाली उतरवले गेले आणि पर्यावरणवाद्यांचा आक्रोश कोणी ऐकला नाही. तरीही मी हट्ट सोडत नाही. देवकुंडाच्या वाटेवर कोणत्या ओढ्याला किती पाणी आहे, हे जवळच्या भिरा आणि पाटणूस गावांतल्या माणसाला जिल्ह्याच्या कार्यालयाआधी कळते. मग सबंध पावसाळा सरसकट बंद ठेवणारा कागद काढण्याऐवजी वाट उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार, जॅकेटे आणि प्रवेशाचे शुल्क त्याच्या हाती का देऊ नये? चोरवाटेने जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांना गावच्या माणसाने अडवले तर ती थांबतील की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण बंदी आदेश असतानाही ती जातात, हे दर पावसाळ्यात दिसते.

आणि मी हे इतक्या त्वेषाने का लिहिते, तेही सांगते. माझ्याकडे इथल्या वास्तव्याचा परवाना आहे, त्यामुळे रविवारी पुरातत्त्व संस्थेचे तिकीट मला माफ होते. पहारेकरी कार्ड पाहतो आणि मान हलवून आत सोडतो. मी इथला प्रत्येक नियम पाळते, पण तो चुकीचा वाटला तरी त्याविरुद्ध आवाज चढवायला जीभ रेटत नाही, कारण मी पाहुणी आहे. आवाज चढवावा असे मला फक्त सह्याद्रीबद्दल वाटते. मामेभाऊ तिथे राहून तो हक्क गृहीत धरतो आणि मला तो दर वेळी मागून घ्यावा लागतो. त्याचा मला हेवा वाटतो.